ढग बघायला चारजण जमवायचे असतील तर: गच्चीच्या किल्लीपासून वहीपर्यंत

आमच्या सोसायटीत आम्ही नऊजण आठवड्यातून दोनदा गच्चीवर जातो आणि वर बघतो. बस, एवढंच. सहा वर्षांपूर्वी मी एकटीनं सुरुवात केली, तेव्हा वॉचमनकाका दोनदा वर येऊन "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" असं विचारून गेले. एकटी बाई कठड्याशी उभी राहून अर्धा तास आभाळाकडे बघतेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी माझे सासरे, आप्पा, सोबत आले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी आली, तिच्या मागोमाग तिची आजी आली.

आप्पा माण तालुक्यातले, सगळा जन्म कोरडवाहू शेतीत गेलेला. ढग बघितला की त्यांना एकच प्रश्न पडतो: ह्यात पाणी आहे का? सातवीतल्या मुलीला भूगोलाच्या पुस्तकातली नावं लावायची असतात (आप्पा तिला 'मास्तरीण' म्हणतात). मला नुसते आकार आवडायचे. त्यामुळे एकाच ढगावरून आमची रोज भांडणं. पण भांडायचं तर नीट बघावं लागतं, आणि एकटी असताना मी कधीच इतकं नीट बघितलं नव्हतं. म्हणून हा लेख एकट्यानं ढग बघण्याबद्दल नाही. चारजणांना जमवून, टिकवून, न भिजता (किंवा ठरवून भिजून) ढग कसे बघायचे, त्याबद्दल आहे. आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नयेत, एवढ्यासाठी.

काय काय लागेल

- गच्ची किंवा मोकळं मैदान. निदान दोन दिशांना क्षितिज दिसायला हवं, त्यातली एक पश्चिम.
- गच्चीची किल्ली, आणि ती तुमच्याकडे असण्याला सेक्रेटरींची लेखी हरकत नसल्याचा कागद
- शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन दमट हवेत हमखास रुसतं.
- गॉगल. पोलराइज्ड असेल तर उत्तम: निळं आभाळ गडद होतं आणि पांढरे ढग उठून दिसतात.
- सतरंजी. मान वर करून दहा मिनिटांत दुखायला लागते, म्हणून आडवं पडून बघायचं.
- फोनमध्ये हवामान खात्याचं 'मौसम' आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ही दोन अ‍ॅप
- स्वतःची बोटं. ती कशासाठी, ते पुढे येईल.

दुर्बीण यादीत मुद्दाम नाही. कारण पहिल्याच पायरीत सांगते.

१. आधी किल्ली

शहरात ढग बघण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच. बहुतेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे, हे कुणालाच माहीत नसतं. तोंडी परवानगीवर जाऊ नका. कमिटी बदलली की परवानगीही जाते. साधा अर्ज करा: कोण येणार, कोणते वार, किती ते किती, आणि सोबत येणाऱ्या मुलांची जबाबदारी कुणाची. अर्जात 'ढग बघण्यासाठी' असं लिहिलं तर लोक हसतात. आम्ही 'आकाशनिरीक्षण' असं लिहिलं आणि एका दिवसात सही झाली. मराठीत संस्कृत शब्दाला अजूनही वजन आहे.

दुर्बिणीचं असं झालं. सुरुवातीला मी नवऱ्याची जुनी दुर्बीण घेऊन जायचे. पंधरा दिवसांत समोरच्या इमारतीतून तक्रार आली की तुमच्या गच्चीवरून कुणीतरी आमच्या घरात बघतं. मिटवता मिटवता नाकी नऊ आले. ढग बघायला दुर्बीण लागतच नाही. उलट ढगाचा आवाका डोळ्यांतून निसटतो.

टाकीच्या शिडीवर कुणालाही चढू देऊ नका. कठडा कमरेपेक्षा खाली असेल तर मुलांना मधोमध बसवा. वर बघणाऱ्या माणसाचं खाली लक्ष नसतं.

२. महिना बघून मुहूर्त धरा

नवखे लोक दोन चुकीच्या वेळी सुरुवात करतात. एक म्हणजे जानेवारीत, हवा छान असते म्हणून. तेव्हा आपल्याकडे आठवडेच्या आठवडे निरभ्र जातात आणि चौथ्या दिवशी कुणी येत नाही. दुसरी, ऐन जुलैत. तेव्हा आभाळभर एकच करडी गोधडी पसरलेली असते. नवशिक्याला त्यात बघण्यासारखं काही सापडत नाही.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस परतीला लागलेला असतो, सकाळ स्वच्छ, अकरानंतर कापशी ढग उगवायला लागतात, चारपर्यंत त्यांचे मनोरे होतात, आणि संध्याकाळी वरच्या ढगांवर रंग चढतो. एका दिवसात सात-आठ प्रकार बघायला मिळू शकतात. त्याच सुमारास हस्त नक्षत्र लागतं, हत्तीचा पाऊस पडतो. आमच्याकडच्या बायकांनी एकदा भोंडलाच गच्चीवर केला आणि खिरापत ओळखण्याच्या आधी पूर्वेच्या ढगाची जात ओळखायची असा नियम काढला.

दुसरा चांगला काळ म्हणजे एप्रिल-मे, वळवाच्या दिवसांत. पण तेव्हा विजा असतात, म्हणून आठवी पायरी वाचल्याशिवाय नको.

वेळ कोणती? रोज नोंद ठेवायची तर सकाळी साडेआठ. हवामान खात्याच्या वेधशाळांत याच वेळी निरीक्षण घेतात आणि पेपरात येणारा चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. तुमची नोंद त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येते. नुसत्या आनंदासाठी मात्र सूर्यास्ताआधीचा पाऊण तास, आणि नंतरची वीस मिनिटं. लोक सूर्य बुडाला की उठतात. खालचे ढग काळवंडल्यावरही उंचावरचे ढग बराच वेळ उजेडात असतात, आणि खरा रंग तेव्हा येतो.

३. पहिली पाच मिनिटं नाव घ्यायचं नाही

हा नियम आम्ही मास्तरणीसाठी केला आणि मग सगळ्यांना लागू झाला. नाव लावलं की माणूस बघायचं थांबतो. पाच मिनिटं प्रत्येकानं फक्त सांगायचं, कसा दिसतो. आमच्या वहीतले काही शेरे: पिंजलेली सावरी. ज्वारीच्या लाह्या. फणीनं विंचरलेले ओले केस. फ्लॉवरचा गड्डा. आणि एकदा मे महिन्यात, वादळी ढगाच्या पोटाखाली गोल गोल पिशव्या लोंबत होत्या, तेव्हा मास्तरणीची आजी म्हणाली, "आप्पेपात्र उलटं टांगलंय." त्या पिशव्यांना शास्त्रात मॅमॅटस म्हणतात. आमच्या वहीत तो 'आप्पे ढग' आहे आणि राहील.

आपल्या भाषेत ढगापेक्षा ढगांमुळे होणाऱ्या अवस्थांना जास्त शब्द आहेत: मळभ, झाकोळ, आभाळ भरून येणं, फाकणं, उघडीप. ते वापरा. 'ढगाळ वातावरण' हा बातम्यांतला शब्द वहीत आला की आम्ही दंड म्हणून पुढच्या वेळचा चहा त्याच्याकडून घेतो.

४. मग तीन प्रश्न

पहिला प्रश्न: कडा कशी आहे? चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट असेल तर ढगात पाण्याचे थेंब आहेत. पुसट, धाग्याधाग्यांची असेल तर बर्फाचे स्फटिक. उंच मनोऱ्याचा माथा फ्लॉवरसारखा असता असता मध्येच केसाळ, पुसट व्हायला लागला, तर समजा वर बर्फ तयार झालाय आणि आता प्रकरण गंभीर आहे.

दुसरा: एकेक ढेकूळ केवढं? इथे बोटं कामाला येतात. हात पूर्ण ताठ करून, क्षितिजापासून निदान तीन मुठी वर असलेल्या ढगावर बोट धरा. ढेकळं करंगळीआड लपत असतील तर ते फार उंचावरचे तंतुराशी (ही नावं पुढच्या पायरीत येतील). करंगळीपेक्षा मोठी पण तीन बोटांआड मावणारी असतील तर मध्यराशी. तीन बोटांनाही पुरून उरत असतील तर खालचे स्तरराशी. नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात. उरलेली दहा टक्के कुणाची बोटं जाड आहेत यावरून होतात.

तिसरा: कुठून कुठे चाललाय? एखाद्या खांबाच्या किंवा टाकीच्या कोपऱ्याला नजर लावून बघा, नाहीतर चंद्र धावतो तसा भास होतो. यातला एक खेळ फक्त पावसाळ्यात जमतो. जुलैत खालचे ढग नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून पूर्वेला धावत असतात. कधीतरी त्यांच्यात फट पडते आणि वर, खूप वर, पांढरे तंतू दिसतात. ते सावकाश उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेला सरकत असतात. मोसमी काळात साधारण चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वाहणारा जोरकस वारा असतो, त्याची ही खूण. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गॉगल काढून डोळे चोळले होते.

५. दहा नावं, घाई न करता

ढगांना नावं द्यायची शिस्त लावली लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड या औषधं तयार करणाऱ्या माणसानं, १८०२ साली एका व्याख्यानात. तो पेशानं हवामानतज्ज्ञ नव्हता, आपल्यासारखाच हौशी. त्याची लॅटिन नावं अजून चालतात. पहिला आंतरराष्ट्रीय ढगकोश १८९६ साली निघाला आणि आज जगभर मुख्य दहा प्रकार मानतात.

शाळेच्या पुस्तकात ते उंचीप्रमाणे दिलेले असतात. सगळ्यात वर सिरस म्हणजे तंतुमेघ, सिरोक्युम्युलस म्हणजे तंतुराशी, सिरोस्ट्रेटस म्हणजे तंतुस्तर. मधल्या उंचीवर अल्टोक्युम्युलस, मध्यराशी, आणि अल्टोस्ट्रेटस, मध्यस्तर. खाली स्ट्रेटस, स्ट्रॅटोक्युम्युलस म्हणजे स्तरराशी, आणि संततधार पाडणारा निम्बोस्ट्रेटस. उरले दोन: उन्हात पोहणारा कापशी क्युम्युलस, आणि खालून वर सगळी उंची व्यापणारा क्युम्युलोनिम्बस. हे पाठ करू नका. पहिल्या महिन्यात चारच ओळखा: तंतू, लाह्या, गड्डा आणि गोधडी. बाकीचे त्यांच्यामधून आपोआप सापडतात.

दोन ठिकाणी सगळे अडखळतात. तंतुस्तर इतका पातळ असतो की ढग आहे हेच कळत नाही. आभाळ नुसतं दुधाळ वाटतं. त्याची खूण म्हणजे खळं. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती मोठं कडं. हात ताठ करून पंजा पूर्ण फाकवा, अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक जवळपास त्या कड्यावर येईल. हे खळं बर्फाच्या स्फटिकांचं. चंद्राला चिकटून, लहान, तांबूस कडेचं वलय दिसलं तर ते वेगळं, ते पाण्याच्या थेंबांनी होतं. दोन्हींना लोक खळंच म्हणतात आणि दोन्हींवरून पावसाचं भाकीत करतात.

दुसरी अडचण मध्यस्तराची. सूर्य जुन्या बाथरूमच्या दुधी काचेतून दिसावा तसा दिसतो आणि जमिनीवर सावली पडत नाही, तो मध्यस्तर. त्याच्यामागे खळं कधी दिसत नाही. ही सावलीची परीक्षा लहान मुलांना फार आवडते.

कापशी ढग हलका असतो असं वाटतं ना? एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा साधा क्युम्युलस घ्या. त्यातल्या दर घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तरी एकूण पाचशे टन होतं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् एक थेंब खाली सोडत न्हाय."

६. ढगाची उंची डोंगरावर मोजा

आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, वरच्या टॉवरसकट. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, पुणं ५६० च्या आसपास. म्हणजे टॉवर ढगात गेला की ढगाचा तळ आपल्या डोक्यावर साडेसातशे मीटरच्या आत आलाय, हे उघड आहे. आता कोणत्याही हवामान अ‍ॅपमध्ये तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते), दोन्ही बघा. दोघांतल्या फरकाला १२५ नं गुणा. ढगाच्या तळाची उंची साधारण तेवढे मीटर. जुलैतली संध्याकाळ, तापमान २५, दवबिंदू २२: फरक तीन, उंची ३७५ मीटर. सिंहगड गायब असणारच, आणि असतो. मे महिन्यातली दुपार, ३८ आणि १४: फरक चोवीस, उंची तीन हजार मीटर. त्या ढगांचा तळ गडाच्या कितीतरी वर एका रेषेत कापल्यासारखा सपाट दिसतो. तापलेली हवा वर जाता जाता थंड होते आणि ज्या उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, तिथे ही रेषा पडते.

हा हिशोब जमिनीवरून वर उगवणाऱ्या ढगांपुरता. तंतुमेघांना लावू नका. तुमच्या गावी सिंहगड नसेल, तर साताऱ्याला अजिंक्यतारा आहे, त्र्यंबकला ब्रह्मगिरी आहे. मुंबईत मी बहिणीकडे गेले की समोरच्या टॉवरचे दिसणारे मजले मोजते.

७. वही

एका दिवसाला एक ओळ, जास्त नको. तारीख, वेळ, किती आभाळ झाकलंय, कोणते ढग, दिशा, आणि कुणीतरी केलेला एक शेरा. झाकलेलं आभाळ आठात मोजायची पद्धत आहे. आभाळाची भाकरी करा, तिचे आठ तुकडे. ढग एका बाजूला ढकलले तर किती तुकडे भरतील? क्षितिजाजवळचे ढग एकमेकांमागे उभे राहून जास्त वाटतात, म्हणून नवीन माणूस नेहमी एक-दोन तुकडे जास्त सांगतो.

शेवटी आमच्याकडे एक जादा रकाना आहे: 'आप्पा'. त्यात ते फक्त 'आहे' किंवा 'न्हाय' असं सांगतात. पहिल्या पावसाळ्यात मी त्यांचा अंदाज पडताळून बघितला तर ते सारखे चुकत होते. कारण लक्षात यायला वेळ लागला. त्यांचा डोळा माणदेशातला. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये ढग दिवसभर पळत असतात आणि पडत नाहीत. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माणमधल्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीनं पिळून घेतलेले ढग बघतच ते म्हातारे झाले. पुणं मध्ये कुठेतरी बसतं, त्यामुळे इथं तेच ढग कधी पडतात, कधी पळतात. आभाळ वाचण्याचे ठोकताळे गावाबरोबर बदलतात. म्हणून माझेही तुमच्याकडे जसेच्या तसे वापरू नका. एक पावसाळा वही भरा आणि आपले तयार करा.

८. वीज: यात हयगय नको

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पूर्वेला प्रचंड क्युम्युलोनिम्बस उभा राहिला. वळीव आमच्याकडे बहुधा पूर्वेकडूनच येतो. माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला, खाली निळा-काळा. या ढगांचे माथे पंधरा किलोमीटरच्याही वर जाऊ शकतात, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळजवळ दुप्पट. वीज चमकली, आम्ही मोजलं, अठरा सेकंद. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, म्हणजे वीज सहा किलोमीटरवर. तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. फोटो चांगला येत होता म्हणून थांबलो. पुढची वीज समोरच्या इमारतीमागे पडली. चमक आणि आवाज एकदमच. मास्तरणीची आजी त्यानंतर दोन महिने वर आली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

आता नियम असा: चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंद किंवा कमी अंतर असेल तर लगेच खाली. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं वर यायचं नाही, ऊन पडलं तरी. 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं; वर जाण्याआधी एकदा उघडून बघा. मैदानावर असाल तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. ऐरण दुरून, घराच्या बंद खिडकीतून जास्त छान दिसते.

९. फोटो

थोडक्यात. ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून फोनमधला उजेड कमी करा, नाहीतर पांढऱ्याचा चुना होतो. चौकटीत खाली गच्चीचा कठडा किंवा झाडाचा शेंडा येऊ द्या, म्हणजे ढग केवढा ते कळतं. फोन कठड्याला टेकवून दहा मिनिटांचा टाइमलॅप्स घ्या. कापशी ढग भातासारखा उकळताना दिसतो, ते साध्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्याजवळ रंगीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग असतील तर सूर्य आधी टाकीआड किंवा खांबाआड घ्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल असला तरी.

फोटो कुणाला पाठवायचे? नासाचं ग्लोब ऑब्झर्व्हर नावाचं अ‍ॅप आहे, त्यात कुणीही ढगांची नोंद करू शकतं आणि ती उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघतात. हौशी माणसाच्या फोटोला किंमत नसते असं समजू नका. गॅविन प्रेटर-पिनी यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या क्लाउड अ‍ॅप्रिसिएशन सोसायटीच्या सभासदांनी खवळलेल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या ढगाचे फोटो वर्षानुवर्षं जमवले, आणि २०१७ साली आंतरराष्ट्रीय ढगकोशात 'अ‍ॅस्पेरिटस' हे नवं नाव दाखल झालं.

१०. लोक टिकवणं, आणि काही खड्डे

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढाल तर एकच नियम: स्वतः, आज, इथून काढलेला फोटो. आमचा पहिला ग्रुप तीन आठवड्यांत सुप्रभात आणि गणपतीच्या आकाराच्या बनावट ढगांनी भरला. तो बंद करून दुसरा काढावा लागला.

फोटोवरून ढग ओळखून देणाऱ्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका. एकाच ढगाचे दोन कोनांतून काढलेले फोटो दिले तर आम्हाला दोन वेगळी नावं मिळाली.

जोराचा पाऊस आला की कुणीतरी 'ढगफुटी' म्हणणारच. हवामान खात्याच्या हिशोबानं वीस-तीस चौरस किलोमीटरच्या परिसरात तासाभरात शंभर मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच ढगफुटी. रस्त्यात गुडघाभर पाणी साचायला बहुतेक वेळा तुंबलेली गटारं पुरतात.

ढग बघायला म्हणून जुलैत महाबळेश्वरला किंवा आंबोलीला सहल नेऊ नका. आम्ही नेली. दोन दिवस पाच फुटांपलीकडचं काही दिसलं नाही, कारण आम्ही ढगाच्या पोटात होतो. आयआयटीएमनं महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा याचसाठी थाटली आहे, की तिथे ढग स्वतःच जमिनीवर उतरतो. शास्त्रज्ञांना ते सोयीचं. आपण चिंब अंगानं मक्याचं कणीस खातो. जायचंच तर पावसाळा ओसरताना हरिश्चंद्रगडावर जा. कोकणकड्यावर पाठीमागे ऊन आणि समोर दरीत ढग असा योग आला तर आपल्याच सावलीभोवती गोल रंगीत इंद्रवज्र दिसतं. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांच्या १८३५ सालच्या लिखाणात अशा गोल इंद्रधनुष्याची नोंद आहे. इतकं चढायचं नसेल, तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागा. खालच्या ढगांवर विमानाच्या सावलीभोवती तेच कडं पळताना दिसतं.

आणि कोरडे महिने? तेव्हा विमानांच्या पांढऱ्या रेघा बघा, ज्यांना आपण लहानपणी 'रॉकेट गेलं' म्हणायचो. रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी. तासभर राहून पसरत गेली तर वर बाष्प आहे, आणि उद्या-परवा तंतुमेघ दिसण्याची आशा आहे. आम्ही जानेवारीत पंधरा दिवसांतून एकदाच भेटतो आणि जुन्या वह्या वाचतो.

वहीतली ओळ कशी असते ते कळावं म्हणून गेल्या पावसाळ्यातली एक उतरवून देते.

'१२ जुलै, सायं. ६.१०. आठात सात. खाली स्तरराशी, नैऋत्येकडून, घाईत. उत्तरेला फट, तिच्यातून तंतू, उलट दिशेनं. सिंहगड: टॉवर नाही. मास्तरीण: खालचे शाळेत निघाले, वरचे सुटून घरी. आप्पा: न्हाय. ६.४०, सतरंजीसकट भिजून खाली.'